व्यास

वर्तुळाच्या मध्यबिंदूतून जाणारी व दोन्ही टोके परिघावर असलेली जीवा. तिच्या लांबीसही व्यासच म्हणतात. वर्तुळातील ही सर्वांत मोठी जीवा.

आर्यभटीयात (इ. स. ४९९ च्या सुमाराचा ग्रंथ) व्यासाला ‘विष्कंभ’ ही संज्ञा आहे. २०,००० विष्कंभाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ देऊन तो ‘आसन्न’ असल्याचे तेथे सांगितले आहे. या एका शब्दावरून आर्यभटाला परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराची अपरिमेयता (ते अपूर्णांकात नेमके मांडता येत नाही, हे) ठाऊक होती, असे काही अभ्यासक मानतात. ते स्पष्टीकरण मात्र सुमारे एक हजार वर्षांनंतर केरळच्या नीलकंठ या गणितज्ञाने लिहिलेल्या भाष्यातले आहे. मूळ शब्दाचा ‘जवळपासचा’ एवढाच अर्थ घेणे अधिक सुरक्षित. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२) ३९२७/१२५० हे सूक्ष्म, तर २२/७ हे स्थूल पण व्यवहारयोग्य मान आहे. ७ व्यासाला पहिल्याने २१ पूर्णांक १२३९/१२५० परीघ येतो, दुसऱ्याने २२.

पाइपाच्या मापाबाबत घोटाळा होतो, कारण पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासाने विकतात, तर जीआय (जस्तलेपित लोखंडी) पाइपाचे माप आतील नाममात्र व्यासाचे असते.

गोल दांडा व्हर्नियरने मोजताना आधी शून्यदोष (जबडे मिटल्यावर शून्य न दिसणे) पाहावा, मग काटकोनातील दोन दिशांनी माप घ्यावे. दोन्ही मापे सारखी आली तरी दांडा गोल असेलच असे नाही. तीन फुगवट्यांचा दांडा सर्व दिशांनी सारखाच भरू शकतो. तो व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल गेज लावून फिरवल्यावर पकडला जातो.

सोलापूरच्या यंत्रमागावर बीमवर (ताण्याचे सूत गुंडाळलेल्या रुळावर) किती सूत उरले, हे व्यासावरूनच ठरते. फिरता बीम थांबवून टेपने घेर मोजावा आणि ३.१४१६ ने भागावे. सूत व्यासाच्या नव्हे, व्यासवर्गांच्या फरकाच्या प्रमाणात असते. भरलेला बीम ५० सेंमी आणि मोकळा दांडा १५ सेंमी असेल, तर व्यास ३२.५ सेंमी झाल्यावर सुताचा थर निम्मा दिसतो. प्रत्यक्षात उरते सुमारे ३७ टक्केच. नुसत्या नजरेच्या अंदाजाने पुढच्या बीमची तयारी उशिरा होते. टॉवेलच्या मागावर लूपचा आणि जमिनीचा (पायाच्या विणीचा) असे दोन बीम असतात. लूपच्या ताण्याची लांबी कितीतरी जास्त खर्च होत असल्याने त्याचा व्यास लवकर घटतो. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. घेर दोन्ही कडांना व मध्ये, तीन ठिकाणी घ्यावा, कारण ढिल्या गुंडाळीने कडा फुगलेल्या असल्यास एकच माप फसवते.