लाम्बिक मिश्रणशाळा

लाम्बिक मिश्रणशाळा : बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येस पायोटेनलंड आणि झेन नदीच्या खोऱ्यात चालणारा, लाम्बिक ही हवेतल्या सूक्ष्मजीवांनी आपोआप आंबणारी आंबट बिअर मुरवण्याचा व मिसळण्याचा, बहुधा कुटुंबाच्या हातातला व्यवसाय. येथे बिअर शिजवत नाहीत. जवळच्या ब्रुअरीतून वर्ट, म्हणजे धान्याचा गोड काढा, विकत आणून तो स्वतःच्या पिपांत आंबवतात, मुरवतात, एकमेकांत मिसळतात किंवा त्यात फळे घालतात. हे काम करणाऱ्याला ग्यूझस्टेकर म्हणतात. ड्वोर्प गावचे हान्सेन्स घराणे पिढ्यान्पिढ्या या धंद्यात आहे. हुइझिंगेनच्या बूरेनएर्फसारख्या मिश्रणशाळा तर शेतावरच चालतात.

वर्टसाठी माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव आणि किमान ३० टक्के कच्चा गहू वापरतात. मुद्दाम जुने केलेले हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालायची कडवट फुले, घालून तो काही तास उकळतात. अशा हॉप्सचा कडवटपणा गेलेला असतो, पण जिवाणूंना आवरण्याची ताकद टिकते. मग कूलशिप नावाच्या उथळ, उघड्या हौदात तो रात्रभर निवतो. यीस्ट बाहेरून घालत नाहीत. हवेतले आणि लाकडातले सूक्ष्मजीवच काम करतात. उन्हाळ्यात नको ते जिवाणू बळावतात, म्हणून हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल.

पिपात प्रथम आतड्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीचे जिवाणू वाढतात, मग सॅकरोमायसिस यीस्ट मद्यार्क तयार करते. पुढे पेडिओकॉकस हा जिवाणू आंबटपणा आणतो. या टप्प्यावर द्रव कधीकधी तेलासारखा तार धरतो. नवख्याला पीप वाया गेले असे वाटते, परंतु ब्रेटानोमायसिस यीस्ट काही महिन्यांत ती तार मोडते. पृष्ठभागावरची साय फोडू नये, कारण ती हवा अडवते. पीप अर्धवट रिते राहिले तर मात्र व्हिनेगरचा वास येतो आणि त्यावर इलाज नाही. असे पीप मिश्रणातून बाद करणेच बरे.

फळांत मान शारबेकच्या आंबट चेरीचा, म्हणजे क्रीकचा. ही लहान, गडद, मोठ्या आठळीची चेरी ज्या ब्रुसेल्सच्या उपनगराच्या नावाने ओळखली जाते तिथे आता बागा उरलेल्या नाहीत. झाडे उंच, तोडणी हाताची. त्यामुळे पुष्कळ उत्पादक दुसऱ्या जातींवर भागवतात. प्रमाण साधारणपणे लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, काहींचे याहून बरेच जास्त. चेरी आठळीसकट घालतात, फोडत नाहीत. आठळ्यांमुळे बदामी वास उतरतो. ज्यात चेरी घालायची ते लाम्बिक निदान वर्षभर मुरलेले असावे.

फळातल्या साखरेमुळे काही दिवसांतच पुन्हा फेस येतो. म्हणून पीप काठोकाठ भरत नाहीत आणि बूच सैल ठेवतात. गर तोंडाशी अडकला तर दाबाने बूच उडते. फेस बसल्यावर पीप भरून बंद करतात. तरंगणारा गर उघडा राहिला तर तोच आधी आंबतो. तोटीच्या आत जाळी हवी, नाहीतर काढताना साली अडकतात. चेरी काही महिने राहू देतात. रासबेरी व स्ट्रॉबेरी लवकर काढतात. त्यांतही स्ट्रॉबेरीचा रंग फार लवकर उडतो.

फळांवरचे लाम्बिक जवळजवळ पूर्ण कोरडे, म्हणजे साखर न उरलेले असते. बाटलीत वायू धरावा म्हणून त्यात कोवळे, साखर शिल्लक असलेले लाम्बिक मिसळतात. खरी कसोटी इथेच: कोवळे कमी पडले तर बाटली निर्जीव, जास्त झाले तर ती फुटण्याची भीती. म्हणून शॅम्पेनच्या धर्तीच्या जाड बाटल्या, बूच आणि तार लागते, आणि कोठार थंड राखावे लागते. २००९ मध्ये ड्री फॉन्टाइनेन या लाम्बिक उत्पादकाच्या कोठारात तापमान-नियंत्रक बिघडून खोली तापली आणि हजारो बाटल्या फुटल्या किंवा निकामी झाल्या. त्यातली वाचलेली बिअर पुढे ऊर्ध्वपातन करून मद्य म्हणून विकली गेली.

खरेदी करताना लेबलावर ‘आउडे क्रीक’, म्हणजे ‘जुने’ चेरीचे लाम्बिक, हे नाव पाहावे. हे नाव युरोपीय संघाच्या नियमाने पारंपरिक पद्धतीसाठी राखीव आहे. नुसते ‘क्रीक’ बहुधा गोड केलेले असते, आणि ते वेगळेच पेय. बेरीचे लाम्बिक ताजे असतानाच प्यावे. आउडे क्रीक काही वर्षे टिकते, मात्र फळाचा वास हळूहळू ओसरून आंबट, रानटी चव पुढे येते.