जकातीनंतरची महापालिका

वाडी नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, समजावून सांगावी लागत नाही. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, दाखवा, पैसे भरा, मगच नागपुरात शिरा. डिझेल जळायचं, व्यापारी वैतागायचे. पण या कराचा एक गुण होता: इतवारीच्या बाजारात माल जास्त उतरला की महापालिकेच्या तिजोरीत आपोआप भर पडायची. अर्थव्यवहार वाढला की कराचं उत्पन्नही वाढतं, याला अर्थशास्त्रात कराची लवचिकता म्हणतात.

१ एप्रिल २०१३ ला नागपुरातली जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलंसुरलंही संपलं. बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ करायची, असं हे सूत्र.

८ टक्क्यांनी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे सूत्र काही वाईट नाही. खोट वेगळीच आहे. दुकानाचा गल्ला काढून घेऊन मालकाला बांधलेला पगार द्यावा, तसं हे झालं. बाजार तेजीत असो की मंदीत, वाढ तेवढीच. नवीन वस्त्या होतात, रस्ते, दिवे, कचरा यांचा खर्च वाढतो, पण भरपाईला त्याचा पत्ताच नसतो. हे दुखणं एकट्या नागपूरचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालात भारतातल्या महापालिकांचं उत्पन्न जीडीपीच्या १ टक्क्याच्या आसपास अडकलेलं दिसतं. ब्राझीलमध्ये ते ७.४ टक्के आहे.

मग स्वतःचं म्हणावं असं काय उरलं? मुख्यतः मालमत्ता कर. अर्थतज्ज्ञांचा हा आवडता कर, कारण साधं आहे: ट्रक दुसऱ्या शहरात वळवता येतो, जमीन हलवता येत नाही. शिवाय पुढचा रस्ता चांगला झाला की प्लॉटचा भाव चढतो, म्हणजे महापालिकेच्या खर्चाचा काही भाग कराच्या रूपाने परत येऊ शकतो. हे ‘शकतो’ महत्त्वाचं. घरावर दुसरा मजला चढला आणि नोंदवहीत ते एकमजलीच राहिलं, तर डिमांड, म्हणजे कराची मागणी, जुनीच निघते. फेरमूल्यांकन केलं की मतदार चिडतात, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर कुणी त्याला हात लावत नाही. १५ व्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची अट घातली, ती उगाच नाही.

नागपूरने एक वाट मात्र झकास शोधली. औष्णिक वीज केंद्राला थंडाव्यासाठी अफाट पाणी लागतं, पण ते पिण्यालायक असायची गरज नसते. म्हणून भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या केंद्राला जाऊ लागलं. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर. महापालिकेला पैसे मिळतात आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. माझ्या मते नव्या कराच्या शोधापेक्षा असे व्यवहार जास्त कामाचे.

कर्जरोख्यांचा, म्हणजे रोखे विकून व्याजाने पैसे उभारण्याचा मार्गही नागपूरला नवा नाही. २००१ मध्ये महापालिकेने ५० कोटींचे रोखे काढले होते, व्याज १३ टक्के. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटी उभारले ते ७.५९ टक्क्यांनी. दोन्ही काळांतल्या बाजारातल्या व्याजदरांचा फरक त्यात आहेच. पण रोखे घेणारा शेवटी एवढंच पाहतो की घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली किती होते.