‘अनादिकालापासून अनंतकालापर्यंत’: ख्रिस्ती श्रद्धेतील देवाच्या सनातनत्वाची पार्श्वभूमी

‘अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तूच देव आहेस.’ बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र ९० मधली ही ओळ ख्रिस्ती अंत्यविधीत नेहमी कानावर पडते. अर्थ सरळ वाटतो, पण ‘सनातन देव’ म्हणताना दोन निरनिराळ्या गोष्टी मनात असू शकतात. एक, देव काळात आहे, मात्र त्याच्या असण्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. दुसरी, देव काळाच्या पलीकडे आहे. काल, आज, उद्या हे त्याला लागूच होत नाही. पहिलीला अनादि-अनंत म्हणावे, दुसरीला कालातीत. ख्रिस्ती परंपरेने दोन्ही अर्थ सांभाळले आहेत, आणि वाद झाले ते बहुतेक या दोहोंच्या सांध्यावर.

हिब्रू शास्त्रात शब्द येतो ‘ओलाम’. नजर पोहोचत नाही इतका दूरचा काळ, मागचा किंवा पुढचा, असा त्याचा अर्थ. बैर-शेबा येथे झाड लावून अब्राहामाने धावा केला तो ‘एल ओलाम’चा, म्हणजे सनातन देवाचा. पण निर्गम २१:६ मध्ये धन्याला सोडून जायला नकार देणारा दास ‘कायमचा’ त्याचा होतो, तिथेही हाच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ फार तर जन्मभर एवढाच. म्हणून निव्वळ ओलाम या शब्दावरून देव कालातीत ठरत नाही. स्तोत्रकर्त्यांनी ती जाणीव प्रतिमांमधून दिली. स्तोत्र १०२ मध्ये आकाश वस्त्रासारखे जीर्ण होते, देव ते अंगरख्यासारखे बदलतो आणि स्वतः तसाच राहतो. स्तोत्र ९० मध्ये हजार वर्षे रात्रीच्या एका प्रहरासारखी आहेत. हिब्रू लोक रात्रीचे तीन पहारे करत. एक पहारा झोपेत कधी सरला हे कळत नाही, तशी ती हजार वर्षे.

याच ओळीचे पुढे गणित झाले. बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पत्रात सृष्टीचे सहा दिवस म्हणजे जगाची सहा हजार वर्षे असा हिशेब आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ताचा जन्म सृष्टीच्या ५५०० व्या वर्षी धरला, म्हणजे जगाला उरली ५०० वर्षे. चूक बेरजेत नव्हती. देवाला काळाचे माप लागत नाही असे सांगणारी उपमा त्यांनी माप म्हणून वापरली, चूक ती होती. आजही अशी कोष्टके मांडली जातात आणि त्याच जागी फसतात.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले तेव्हा मोठा बदल झाला. मोशेने देवाला नाव विचारले तेव्हा जळत्या झुडपातून त्याला मिळालेले उत्तर हिब्रूत क्रियापदाचे आहे: ‘एह्ये अशेर एह्ये’. मराठीत ते ‘मी आहे तो आहे’ असे येते, पण हिब्रूप्रमाणे ‘मी जो होईन तो होईन’ असेही वाचता येते. ग्रीकमध्ये त्याचे ‘हो ओन’ झाले, म्हणजे ‘जो आहे तो’, असणारा. सोबत राहण्याचे वचन आता अस्तित्वाचे विधान म्हणूनही वाचता येऊ लागले. ग्रीक जगात प्लेटोने काळाला शाश्वताची हलती प्रतिमा आधीच म्हटले होते. त्या विचारात वाढलेल्या वाचकांना ‘हो ओन’ ओळखीचे वाटले यात नवल नाही.

चौथ्या शतकात प्रश्न पुत्रावर, म्हणजे येशू ख्रिस्तावर आला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत होता, ‘तो नव्हता असे कधीतरी होते.’ त्याचे ग्रीक वाक्य नीट पाहावे: त्यात ‘काळ’ हा शब्दच नाही. पुत्र सर्व काळांच्या आधी झाला हे त्याला मान्य होते. फक्त पुत्राला आरंभ आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते. तेवढ्याने मुळावर घाव बसत होता, कारण पुत्र सनातन नसेल तर पिताही सनातन ‘पिता’ उरत नाही. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने हे वाक्य नाव न घेता उद्धृत करून धिक्कारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. ‘सर्व युगांच्या पूर्वी पित्यापासून जन्मलेला’ हे शब्द मात्र निकियाच्या मूळ मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, नाहीत. ते ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मतांगिकारातले आहेत, आणि उपासनेत आपण म्हणतो तो मतांगिकार याच मजकुराचा आहे.

लॅटिन जगात बिशप ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस जुना प्रश्न घेतला: आकाश व पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी देव काय करत होता? त्याचे उत्तर असे की काळ सृष्टीबरोबरच निर्माण झाला, म्हणून सृष्टीच्या आधी ‘तेव्हा’ असे काही नव्हतेच.

इसवी सन ५२४ च्या सुमारास मृत्युदंडाची वाट पाहत कैदेत असलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने जी व्याख्या लिहिली ती आजही प्रमाण मानतात: सनातनत्व म्हणजे अमर्याद जीवनाचा, सगळ्याचा एकदम आणि परिपूर्ण असा ताबा. यात दोन शब्दांवर थांबावे लागते. ‘जीवन’ हा शब्द गाळला तर उरते गणिताच्या सत्यासारखे काहीतरी. तेही काळाबाहेर आहे, पण प्रार्थना ऐकत नाही. आणि ‘सगळे एकदम’ गाळले तर उरते नुसते दीर्घायुष्य. आपले आयुष्य तुकड्यातुकड्याने हाती येते, कालचे निसटलेले असते, उद्याचे आलेले नसते. देवाचे तसे नाही.

मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने हे १२६५ नंतर लिहायला घेतलेल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या महाग्रंथाच्या पहिल्या भागात, दहाव्या प्रश्नात, सहा कलमांत मांडले. रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरून पाहणाऱ्याला सगळा रस्ता एकदम दिसतो, हा दृष्टांत त्याचाच. त्याच्यानंतरचा धर्मशास्त्रज्ञ डन्स स्कोटस याने हरकत घेतली: जे अजून घडलेच नाही ते रस्त्यावर आहे तरी कुठे?

ती हरकत आजवर मिटलेली नाही. १९६९ मध्ये तत्त्वज्ञ अँथनी केनी यांनी कालातीतत्वाविरुद्धच्या आक्षेपाला नवी धार दिली: सर्व घटना सनातनाशी एकाच वेळी असतील, तर रोमची आग आणि माझे हे लिहिणेही एकाच वेळी व्हायला हवे. स्टंप आणि क्रेट्झमन या तत्त्वज्ञांनी १९८१ मध्ये ‘एकाच वेळी’ या शब्दांचा अर्थ नव्याने बांधून उत्तर दिले. दरम्यान १९७५ मध्ये तत्त्वज्ञ वोल्टरस्टॉर्फ यांनी उलट बाजू घेतली होती: शास्त्रातला देव ऐकतो, आठवतो, क्षमा करतो, आणि या कृतींना आधी-नंतर आहे, म्हणून तो कालातीत नसून सदाकाळ आहे. माझ्या मते शास्त्रपाठाच्या जवळ हेच जाते, पण काळ निर्माण करणारा त्याच काळाने बांधलेला कसा, हा ऑगस्टीनचा पेच त्याने सुटत नाही.

मराठीत हा विषय आणणाऱ्यांना वेगळीच अडचण होती. शब्दांची वाण नव्हती. उलट प्रत्येक शब्दाला आधीचाच अर्थ चिकटलेला होता. गोव्यातील राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सनी ओवी आणि पुराणाची भाषा मोकळेपणाने स्वीकारली. तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, तेव्हा त्यांनी उलटा मार्ग धरला: साधी मराठी, आणि वेदान्ताचा अर्थ सोबत घेऊन येणारे शब्द शक्यतो दूर. त्यांचे १९२२ मध्ये निधन झाले, संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले.

रमाबाईंची काळजी निराधार नव्हती. ‘अनादि’ म्हटले की आपल्याकडे जीव आणि प्रकृतीही अनादि असू शकतात. ख्रिस्ती सिद्धांतात देवाशिवाय काहीच अनादि नाही. ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे’ यातले युग हे कृत-त्रेता-द्वापार-कलीच्या चक्रातले नाही. तो ग्रीक ‘आयोन’ आहे, पुन्हा न फिरणारा. आणि ‘सार्वकालिक जीवन’ म्हणजे न संपणारी वर्षे असे वाचकाने धरले, तर योहानाच्या शुभवर्तमानातील १७:३ उघडावे. तिथे त्याचे स्पष्टीकरण वर्षांत दिलेले नाही. एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखणे, असे दिले आहे.