१२ टक्के लोह स्वस्त, ६ टक्के महाग

निफाड-दिंडोरीकडे चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षबागेत शेंडा पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे लोह कमी पडलं, की बागायतदार कृषी सेवा केंद्र गाठतो. तिथे लोहाच्या दोन पुड्या पुढे येतात : ईडीटीए, लोह १२ टक्के, आणि ईडीडीएचए, लोह ६ टक्के. दोन्ही नावं लोहाला धरून ठेवणाऱ्या रेणूंची. निम्म्या लोहाची पुडी जास्त महाग. खटकणारच.

फरक आहे तो लोहावरच्या पकडीचा, आणि ही पकड समजण्याचं मूळ १८९३ सालात आहे. कोबाल्टच्या पिवळ्या क्षारात अमोनियाचे सहा रेणू आणि तीन क्लोराइड. त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की तिन्ही क्लोराइड पांढऱ्या साक्यात खाली बसतात. अमोनिया पाचच असलेल्या जांभळ्या क्षारातून मात्र दोनच बसतात, तिसरं जागचं हलत नाही. २६ वर्षांच्या आल्फ्रेड वेर्नरने याचा उलगडा केला : धातूभोवती ठरावीक जागा असतात, कोबाल्टला सहा, आणि तिथे बसलेला रेणू किंवा आयन, म्हणजे लिगंड, धातूला धरून राहतो. १९१३चं नोबेल त्याला मिळालं.

पकड किती पक्की, हे मोजायची रीत १९४१मध्ये डेन्मार्कच्या यानिक ब्येरुमने घालून दिली. पकड सुटायला वेळ किती लागतो, हा प्रश्नच वेगळा. तो १९५२मध्ये हेन्री टॉबने नीट मांडला. सहा अमोनियावाला तो कोबाल्ट आम्लात खरं तर टिकायलाच नको, पण दिवसेंदिवस तसाच राहतो. उलट निकेलचं सायनाइडी संयुग कमालीचं स्थिर, तरी त्यातले सायनाइड सतत झपाट्याने बदलत असतात.

ईडीटीए आलं कापडधंद्यातून. जड पाण्यातलं कॅल्शियम रंगाईत अडचण करतं, म्हणून ते पकडून ठेवायला फर्डिनांड म्युंट्स याने जर्मनीत १९३५च्या सुमारास ते बनवलं. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात संत्रावर्गीय झाडांना लोह-ईडीटीए देऊन पिवळेपणा हटवला गेला. तिथली ती जमीन आम्लधर्मी, रेताड होती.

आपल्याकडे गोम इथेच आहे. कागदावर ईडीटीएची लोहावरची पकड १०च्या २५व्या घाताची, कॅल्शियमवरची ११व्या घाताचीही नाही. म्हणजे लोह सुटायलाच नको. पण सामू (पीएच) साडेसहाच्या वर चढत गेला की पाण्यातला हायड्रॉक्साइड लोहाला ओढतो, लोह गंजासारखं साकळून बसतं, आणि मोकळ्या झालेल्या ईडीटीएला चुनखडीतलं मुबलक कॅल्शियम गाठतं. ज्याला धरायला ते जन्मलं, त्याच्याकडेच परत जातं! ड्रीपमधून सोडलेले पैसे मातीत.

ईडीडीएचए याच अडचणीवर १९५०च्या दशकात पुढे आलं. त्यातले दोन फिनॉलचे ऑक्सिजन लोहाला इतकं आवळतात की सामू आठच्या वर गेला तरी ते सुटत नाही. पाण्यात टाकताच येणारा गडद लाल रंगही त्याच बंधाचा. मात्र पुडीवर 'ऑर्थो-ऑर्थो' किती, ते वाचावं. तो प्रकार लोहाला सहा जागी धरतो. ऑर्थो-पॅरा पाचच जागी, म्हणून लवकर सोडतो. नुसत्या ६ टक्क्यांवर भाव ठरवणारा फसू शकतो.

पानावर फवारायचं असेल तर चुनखडीचा संबंध येत नाही, तिथे १२ टक्केवाली स्वस्त पुडी चालते. फक्त बोर्डो या बुरशीनाशकाच्या टाकीत ती टाकू नये. मोरचुदाबरोबर तिथे कळीचा चुना असतोच.