घासाघीस करणारा घातांक

'फेसबुकच्या दोन बॉट्सनी स्वतःची गुप्त भाषा तयार केली, शास्त्रज्ञांनी घाबरून त्यांना बंद केलं!' 2017 मध्ये या बातमीने भलताच धुरळा उडवला. प्रत्यक्षात ते बिचारे संवाद साधणारे प्रोग्राम पुस्तकं, टोप्या आणि चेंडूंच्या वाटणीवर घासाघीस करायला शिकत होते. धड इंग्रजीत बोलण्याचे वेगळे गुण मिळत नव्हते, म्हणून भाषा बिघडली. यात भुताटकी शोधणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

यंत्राने सौदा करायला भाषा लागतेच असं नाही. एक वक्ररेषा पुरते. 1998 मध्ये फरातीन, सिएरा आणि जेनिंग्ज या संशोधकांनी ती छान मांडली. समजा, माल 10 दिवसांत हवाय, पण अगदीच नाइलाज झाला तर 20 दिवस चालतील. बोलणी 10 फेऱ्यांची. संपलेल्या वेळेचा अपूर्णांक घ्या, त्याला घातांक लावा, 10 ते 20 मधल्या अंतरातली तेवढी माघार. पाचव्या फेरीला अपूर्णांक 0.5. घातांक 1 असेल तर प्रोग्राम 15 दिवसांवर येतो. घातांक 4 केला की 0.5 चा चौथा घात 0.0625, म्हणजे गडी अजून 10.6 वरच! नवव्या फेरीला 16.6 आणि शेवटच्या फेरीला एकदम 20. उलट घातांक पाव ठेवला, तर पाचव्या फेरीतच 18.4 वर लोटांगण. एक आकडा बदलला की स्वभाव बदलला! घातांक 4 सारख्या अडेलतट्टू वक्राला 'बोलवेअर' म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकचे लेम्युएल बोलवेअर कामगार संघटनांपुढे एकच प्रस्ताव ठेवून त्यावर अडून बसत, त्यांच्यावरून.

पण हा घातांक सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा कुठे? पाळी कोणाची, प्रस्ताव, होकार, उलट प्रस्ताव, मुदत हे झाले बोलणीचे नियम, आणि ते दोन्ही पक्षांना सारखेच. डावपेच मात्र ज्याचा त्याचा, खासगी. दोन्ही एकाच कोडमध्ये कालवले, तर उद्या समोरासमोरच्या बोलणीऐवजी लिलाव करायचं ठरलं की सगळं उकरावं लागतं. वेगळे ठेवले, तर नियमांचा तक्ता बदलायचा. डावपेचाच्या कोडला सहसा हात लावावा लागत नाही.

दोन्हीकडे घातांक 4 असेल तर? शेवटच्या एकदोन फेऱ्यांपर्यंत दोघेही जवळपास ढिम्म, आणि तिथला निरोप नेटवर्कमध्ये अडकला की सौदा फिसकटू शकतो. म्हणून मुदत कोणाच्या घड्याळाने मोजायची, हेही त्या तक्त्यातच लिहावं लागतं.