सुधारणा कोणाची? करारातल्या चार ओळींच्या कलमाचा मागोवा

तंत्रज्ञानाचा करार समोर आला की नजर आधी रॉयल्टीच्या टक्क्यावर जाते, मग मुदतीवर. मागच्या पानांमध्ये कुठेतरी 'सुधारणा' या मथळ्याखाली चार ओळी असतात. इंग्रजी करारांच्या भाषेत त्यांना 'ग्रँट-बॅक' म्हणतात. घेतलेल्या तंत्रात घेणाऱ्याने पुढे काही भर घातली, तर ती मूळ देणाऱ्याकडे परत कशी जाईल, हे त्या ओळी ठरवतात. भांडण होईपर्यंत त्या कोणी नीट वाचत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने परदेशी कंपनीकडून पेटंट असलेल्या पंपाचे डिझाइन दहा वर्षांसाठी घेतले. चौथ्या वर्षी तिने साच्यातले रनर-रायझर, म्हणजे वितळलेला धातू आत नेणाऱ्या आणि आकसताना पुरवणाऱ्या वाटा, नव्याने मांडले. केसिंगच्या जाड भागात धातू आकसून पडणारी पोकळी (श्रिंकेज) कमी झाली आणि रिजेक्शन शंभरात नऊवरून तीनवर आले. सहाव्या वर्षी शाफ्टभोवतीची गळती अडवणाऱ्या जुन्या ग्लँड पॅकिंगच्या जागी मेकॅनिकल सील बसेल असा बदल तिने पंपातच केला. आता करारात 'उत्पादनाशी संबंधित कोणतीही सुधारणा मूळ कंपनीच्या मालकीची राहील' असे लिहिले असेल, तर दोन्ही बदल गेले. त्यातही पहिला बदल जास्त टोचतो. रनर-रायझरची ती मांडणी फाउंड्रीला तिसऱ्याच गिऱ्हाइकाच्या व्हॉल्व्ह बॉडीसाठीही वापरता आली असती. पंपाच्या पेटंटशी तिचा संबंध एवढाच की ती पंप ओतताना सुचली. हे सगळे 'संबंधित' या एका शब्दामुळे घडले.

हा प्रश्न यंत्रांच्या आधी जमिनीत उगवला. खंडाने घेतलेल्या रानात कुळाने बांध घातला, विहीर खोदली आणि मालकाने त्याला काढून टाकले, तर विहिरीचे पैसे कोणाचे? आयर्लंडमध्ये यावरून इतका असंतोष साचला की 1870 च्या जमीन कायद्यात कुळाने केलेल्या सुधारणांची भरपाई घालावी लागली. पेटंटच्या करारांत मात्र त्या काळी असे संरक्षण कोणी दिले नाही. तिथे सगळे दोन पक्षांच्या ताकदीवर सोडलेले होते.

न्यायालयात या कलमाचा सर्वांत गाजलेला कस अमेरिकेत लागला. ट्रान्सपरंट-रॅप मशीन कॉर्पोरेशनचे 'ट्रान्सरॅप' नावाचे यंत्र पारदर्शक पाकीट तयार करायचे, त्याच वेळी त्यात गोळ्या-चॉकलेटसारखा माल भरायचे आणि सील करायचे. 1937 मध्ये स्टोक्स अँड स्मिथ कंपनीने त्याचा परवाना घेतला. अट अशी होती की या यंत्राला लागू पडतील अशा सुधारणांची पेटंटे परवानेदाराने मूळ कंपनीच्या नावावर करून द्यायची. परवानेदाराने सुधारणा केल्या, पेटंटेही घेतली आणि ती द्यायला नकार दिला. अपील न्यायालयाने अट बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी तो निकाल फिरवला. पेटंट ही मालमत्ता आहे, पैशांऐवजी मालमत्ता देऊन मोबदला चुकवता येतो, म्हणून अशी अट मुळातच अवैध नाही, असा युक्तिवाद होता. मात्र तिचा वापर मक्तेदारी वाढवण्यासाठी होत असेल तर वेगळा विचार करावा लागेल, ही फटही न्यायालयाने ठेवली. पुढची सगळी दशके या फटीवरच वाद चालला.

त्याच वर्षी नॅशनल लेड खटल्यात त्या फटीतून काय दिसू शकते ते पुढे आले. टायटॅनियमच्या पांढऱ्या रंगद्रव्याचा जगभरचा धंदा काही कंपन्यांनी करारांनी वाटून घेतला होता. त्या करारांत हातातल्या पेटंटांबरोबर भविष्यात मिळणारी पेटंटेही गुंफलेली होती. उद्याचा शोध आजच बांधून टाकला की बाहेरच्याला त्या धंद्यात शिरायला दारच उरत नाही.

देणाऱ्याची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवे. मी तंत्र दिले, घेणाऱ्याने त्यावर सुधारणेचे पेटंट काढले आणि उद्या मलाच माझ्या बाजारात अडवले, तर? ही भीती असेल तर तो तंत्र देणारच नाही. पण त्यासाठी वापराची मोकळीक पुरते, मालकी लागत नाही. या कलमाच्या पायऱ्या असतात. सर्वांत सौम्य पायरी म्हणजे सुधारणा झाल्याचे नुसते कळवणे. त्यावर दोघांनाही वापरता येईल असा सामाईक परवाना. त्यावर एक्सक्लुझिव्ह परवाना, म्हणजे सुधारणा करणारा स्वतःही ती दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि शब्द कडक असतील तर स्वतःही वापरू शकत नाही. सर्वांत वर थेट मालकीचे हस्तांतर. गेल्या साठ वर्षांतले बहुतेक कायदे या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांभोवती फिरले आहेत.

1970 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यातले ब्रूस विल्सन यांनी परवाना करारांत चालणार नाहीत अशा नऊ गोष्टी एका भाषणात मांडल्या. त्यांना पुढे 'नाइन नो-नोज' हे नाव पडले. सुधारणेचे पेटंट सक्तीने लिहून घेणे ही त्यातली एक. खात्याने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही यादी बाजूला ठेवली, आणि 1995 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रत्येक कलम त्याच्या परिणामांवरून तपासायचे ठरवले.

तंत्र घेणाऱ्या देशांची भूमिका जास्त कडक होती. जपानच्या फेअर ट्रेड कमिशनने आंतरराष्ट्रीय परवाना करारांसाठीच्या 1968 च्या सूचनांत या कलमाची दखल घेतली. अँडियन गटाच्या दक्षिण अमेरिकी देशांनी 1970 च्या 'निर्णय 24' मध्ये, खरेदीदाराला आपल्या सुधारणा पुरवठादाराला द्यायला लावणारे कलम असेल तर करारच मंजूर करायचा नाही, असे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापार-विकास परिषदेत तंत्रज्ञान हस्तांतराच्या आचारसंहितेची बोलणी सुरू झाली, तेव्हा निर्बंधक प्रथांच्या यादीत पहिलाच मान ग्रँट-बॅकला मिळाला. 1985 च्या मसुद्यापलीकडे ती संहिता गेली नाही.

भारतात परदेशी तंत्राच्या करारांना सरकारी परवानगी लागण्याचा काळ होता, पण सरकारचा डोळा मुख्यतः परकीय चलनावर होता. 1991 च्या औद्योगिक धोरणातले आकडे तेच सांगतात. उच्च प्राधान्याच्या उद्योगांत एक कोटी रुपयांपर्यंत एकरकमी देणे, देशातल्या विक्रीवर 5 टक्के आणि निर्यातीवर 8 टक्के रॉयल्टी यांना आपोआप मंजुरी. या मर्यादा डिसेंबर 2009 मध्ये गेल्या. टक्क्यावर इतका खल झाला. करार संपल्यावर कारखान्यात काय उरते यावर त्यामानाने कमीच. आणि उरते बरेच. टेल्कोचा (आजची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझशी 1954 चा करार पंधरा वर्षांनी संपला, बजाजचा पियाज्जोशी असलेला परवाना 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. नाव बदलले, जिग, फिक्स्चर आणि माणसांच्या हातातली सवय तिथेच राहिली.

ग्रँट-बॅक आपल्या पेटंट कायद्यात नावानिशी आला तो 2002 च्या दुरुस्तीने, 20 मे 2003 पासून लागू. कलम 140 नुसार पेटंटच्या करारात एक्सक्लुझिव्ह ग्रँट-बॅकची अट घालता येत नाही. घातली तर ती अट रद्दबातल. शब्दरचना जवळपास जशीच्या तशी जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराच्या कलम 40 मधली आहे. कलमाचा खरा दात मात्र पोटकलम 3 मध्ये आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. उल्लंघन झाले त्या वेळी अशी बेकायदा अट असलेला त्या पेटंटचा करार अमलात होता, हे दाखवता आले, तर दाव्यात तो बचाव ठरतो. म्हणजे लोभाने घातलेली एक ओळ मालकाच्या दाव्याचाच पाय ओढू शकते. दोन गोष्टी या कलमाच्या बाहेर राहतात: सामाईक परवाना, आणि पेटंटच नसलेल्या निव्वळ नो-हाउचे, म्हणजे कामाच्या माहितीचे, करार. आपल्याकडचे किती तरी करार दुसऱ्या प्रकारचे असतात.

युरोपने एक वेगळीच फूटपट्टी काढली. परवाना करारांना स्पर्धा कायद्यातून सवलत देणाऱ्या 2004 च्या नियम 772 मध्ये सुधारणा 'अलग करता येणारी' आहे का, हे पाहिले जाई. मूळ पेटंटला धक्का न लावता ती वापरता येते का? आपल्या फाउंड्रीचे रनर-रायझर या कसोटीला उतरतात. सीलचा बदल त्या पंपाशिवाय वापरता येत नसेल तर उतरत नाही. एक्सक्लुझिव्ह ग्रँट-बॅकवरची हरकत फक्त पहिल्या प्रकाराला होती. व्यवहारात हा भेद करणे अवघड होते, आणि 1 मे 2014 पासून लागू झालेल्या नियम 316 ने तो काढून टाकला. त्याने दोन्ही प्रकारांतले एक्सक्लुझिव्ह कलम सरसकट सवलतीच्या बाहेर ठेवले. त्यामुळे ते आपोआप बेकायदा झाले नाही, पण वेगळे तपासले जाऊ लागले. चीनने 2002 च्या तंत्रज्ञान आयात-निर्यात नियमांत सुधारणा करणाऱ्याचीच सुधारणा, असे सरळ लिहिले होते. अमेरिकेने 2018 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि मार्च 2019 मध्ये ती तरतूद वगळली गेली.

शब्दांच्या धारेचा विषय निघालाच आहे तर स्टॅनफर्ड आणि रोश यांचा वाद बघण्यासारखा आहे. रक्तातल्या एचआयव्हीचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर काम करणाऱ्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिले होते की, मी हक्क 'देण्याचे मान्य करतो'. तंत्र शिकायला तो सीटस कंपनीत गेला (तिचे हक्क पुढे रोशकडे आले), तेव्हा तिथल्या कागदावर 'याद्वारे देत आहे' असे होते. आपल्याकडे साठेखत आणि खरेदीखत यांत जो फरक, तोच हा. साठेखताने जमीन नावावर होत नाही. अपील न्यायालयाने 2009 मध्ये कंपनीच्या कागदाला वजन दिले. सरकारी पैशाने झालेल्या शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे येते, हा विद्यापीठाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये मान्य केला नाही. सुधारणेच्या कलमात क्रियापद कोणत्या काळात आहे, हे म्हणून आधी बघायचे.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आणखी गुंतला. भारतात निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, त्यामुळे सारा भार कॉपीराइटवर पडतो. नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा. पण पुण्यातल्या एखाद्या कंपनीने ग्राहकासाठी, बाहेरून कंत्राटावर, कोड लिहिला तर पैसे दिले म्हणून तो ग्राहकाचा होत नाही. लेखी हस्तांतर लागते. ते करतानाही कॉपीराइट कायद्याचे कलम 19 दबा धरून बसलेले असते. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरली जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळे काही ठरवले नसेल तर, एका वर्षात हक्क वापरला नाही की हस्तांतरच गळून पडते. परदेशी ग्राहकाच्या कराराचा साचा उचलून त्यावर भारतीय कायदा लावला की हे तीन खड्डे हमखास राहतात.

म्हणून सेवा-करारांत 'आधीचे' आणि 'कामातून झालेले' असे दोन ढीग करतात. पुरवठादाराच्या जुन्या लायब्ररी (तयार कोडचे संच), टेस्टिंगची साधने पहिल्या ढिगात; ग्राहकासाठी खास लिहिलेले दुसऱ्यात. वाद होतो तो मधल्या पट्ट्यात: जुन्या लायब्ररीत या प्रकल्पाच्या निमित्ताने केलेली दुरुस्ती कोणाची? पहिल्या ढिगाची यादी, आवृत्ती क्रमांकासह, सहीच्या दिवशी परिशिष्टात जोडलेली नसेल तर याचे उत्तर नंतर कागदावर सापडत नाही. बहुतेक करारांत ते परिशिष्ट 'नंतर जोडण्यात येईल' याच अवस्थेत असते.

वरच्या पायऱ्यांना बंदी आल्यावर वाटा वळवूनही काढल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज परवान्यात जपानी संगणक कंपन्यांना आपली पेटंटे मायक्रोसॉफ्टविरुद्ध न वापरण्याची अट होती. सुधारणा मागितलीच नाही, फक्त ती चालवायची नाही असे वचन घेतले. 2008 च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या त्याच फेअर ट्रेड कमिशनने ही अट अन्याय्य ठरवली.

क्लाउड सेवांनी दिशाच उलटवली. आता सुधारणा पुरवठादार करतो आणि कच्चा माल ग्राहकाचा असतो. एक कलम म्हणते की ग्राहकाने दिलेली सूचना पुरवठादार विनामोबदला वापरील; ही तीच जुनी ग्रँट-बॅक. दुसरे म्हणते की ग्राहकाचा डेटा 'आमच्या सेवा सुधारण्यासाठी' वापरला जाईल. युरोपातल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने 2013 मध्येच 'वापरकर्त्याचा अनुभव सुधारणे' हा उद्देश पुरेसा नेमका नाही, असे मत दिले होते. ऑगस्ट 2023 मध्ये झूमच्या अटींमधली अशीच भाषा एआयच्या प्रशिक्षणासाठी आहे का, यावरून ओरड झाली आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. त्याच महिन्यात भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात संमती ठरावीक उद्देशापुरती आणि त्याला लागणाऱ्या डेटापुरतीच धरली जाते. मात्र हा कायदा वैयक्तिक डेटाचा आहे. कारखान्याच्या मशीनचे तापमान, कंपनीचे दरपत्रक, कॉल सेंटरची स्क्रिप्ट यांचे काय करायचे, ते अजून करारच ठरवतो.

इथे जुन्या काळातला एक उपाय चालत नाही. पंपाचा करार संपला की ड्रॉइंग परत करता येत. डेटा खाऊन सुधारलेले एआय मॉडेल परत करता येत नाही, आणि त्यातून एका ग्राहकाचा वाटा वेगळा काढणेही सहसा जमत नाही. त्यामुळे जाणते ग्राहक आता 'करार संपल्यावर डेटा पुसावा' एवढ्यावर थांबत नाहीत. सेवा चालवण्यासाठी वापर आणि मॉडेल शिकवण्यासाठी वापर ही दोन कलमे ते वेगळी लिहून घेतात, आणि दुसऱ्यासमोर सहीच्या दिवशीच 'नाही' असे भरतात.