जुन्या एमजीबीचा हँडब्रेक आणि ब्रेक शूचे गणित

ब्रिटनमध्ये 2018 पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठे फेरफार न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळते. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी ही लाडकी स्पोर्ट्स कार आता या सवलतीत बसते, आणि तिचा हँडब्रेक धरतो की नाही हे पाहण्याचे काम मालकाच्या शिरावर येते. दांडा पार वर ओढूनही गाडी उतारावर सरकू लागली की बहुतेक जण केबल सैल झाली असे समजून ती आवळतात. दोष मात्र पुष्कळदा मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ डब्यात, असतो. त्याच्या आत दोन वाकडे ‘शू’ असतात, आणि ते बाहेर सरकून ड्रमला आतून दाबले की चाक थांबते.

माणसांसह 1100 किलोची गाडी सहास एक (सहा मीटरला एक मीटर उंची) अशा चढावर उभी केली, तर तिला खाली खेचणारे बल सुमारे 180 किलोंच्या वजनाइतके भरते. एमजीबीच्या 10 इंची ड्रमची त्रिज्या टायरच्या त्रिज्येच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे, गाडी थोपवायला ड्रमच्या कडेवर सव्वाचारशे किलोंच्या आसपास घर्षण लागते. हातातील ओढ वाढवण्याचे काम तरफा करतात, पण तरफ बल वाढवते ते अंतर गमावूनच. लायनिंग, म्हणजे शूवरचा घर्षणाचा थर, झिजून शू आणि ड्रम यांच्यात फट वाढली असेल, तर दांड्याची बरीचशी चाल ती फट भरण्यातच संपते.

उरलेले काम शूच्या रचनेतून होते, आणि हीच या ब्रेकमधली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. शूचे एक टोक टेकूवर असते आणि दुसरे टोक तरफेने बाहेर ढकलले जाते. गाडी सरकू पाहते तेव्हा ड्रम किंचित फिरू लागतो आणि घर्षणाने दोनपैकी एका शूला स्वतःवर आणखी दाबून घेतो. दाराखालची पाचर दार ढकलल्यावर अधिक घट्ट बसते, तसेच हे घडते. टेकूभोवतीची आघूर्णे (बल गुणिले टेकूपासूनचे अंतर) मांडली की N·b = F·a + μ·N·c असे समीकरण मिळते. यात F हा तरफेचा रेटा, N हा ड्रमवरचा दाब, μ हा घर्षणांक आणि a, b, c ही टेकूपासूनची अंतरे आहेत. त्यावरून N = F·a / (b − μ·c). म्हणजे घर्षणांक केवळ पकडीतच नव्हे, तर दाबातही शिरतो. सोयीसाठी b आणि c समान धरल्यास, μ 0.4 वरून 0.1 वर घसरताच या शूची पकड एक चतुर्थांशावर न थांबता एक षष्ठांशावर येते. ॲक्सलच्या सीलमधून झिरपलेले थोडेसे तेल एवढा घात का करते, ते इथे कळते.

म्हणूनच गंजलेले भाग ‘एका फवाऱ्यात मोकळे’ करण्याचे जे दावे सर्रास केले जातात, त्यांवर विसंबून ड्रममध्ये वंगण मारणे धोक्याचे आहे. तेल प्यालेले लायनिंग पेट्रोलने पुसून सुधारत नाही. आधी सील बदलावे, मग शू. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

जुळवणीसाठी पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागची बाजू जॅकने उचलावी, भक्कम स्टँडवर टेकवावी आणि हँडब्रेक पूर्ण सोडावा. ड्रममागच्या पत्र्यावर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक जखडेपर्यंत तो आवळून, चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. केबलला हात लावायचा तो यानंतर. ती आधीच ताणली, तर ड्रममधली तरफ मूळ जागी परत येत नाही, शू चालत्या गाडीतही घासत राहतो आणि ड्रम तापतो. शेवटी दांडा दोन-तीन खटके वर घेऊन दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. एकच चाक अडत असेल, तर ओढ दोन्हीकडे वाटणारी ॲक्सलवरची लहान तरफ ग्रीसअभावी जाम झाली आहे का, ते तपासावे.